तोच मी, पण तो मी नव्हे

राक्षसाचा प्राण सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो, हे आजीने आपल्याला लहानपणीच सांगून ठेवले आहे. संगणकातल्या कुलूपबंद फायलींचा प्राणही असाच दुसरीकडे असतो. मात्र इथला पोपट कुठे बसला आहे ते सहसा कोणी सांगत नाही, आणि घर झाडताना पिंजरा सहज केरात जातो.

आमच्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या अण्णांच्या बाबतीत तेच झाले. कोकणातल्या म्हाताऱ्या बायकांसमोर बसून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या, म्हणजे वीस वर्षांचे काम, त्यांनी संगणकात घालून ठेवले होते. आपल्याआधी दुसराच कोणी ते छापील या धास्तीने (आमच्या धंद्यात ती अगदीच निराधार नसते) फोल्डरला विंडोजमधलेच कुलूप लावले होते. पुढे यंत्र मंदावले आणि भाच्याने विंडोज नव्याने घातले. अण्णांचे नाव तेच, परवलीचा शब्दही तोच. फायलींची नावे हिरव्या अक्षरांत जागच्या जागी दिसत होती. पण उघडायला जावे तर परवानगी नाही! "अहो, मीच तो!" असे अण्णा पडद्याला उद्देशून म्हणाले.

यंत्राचे काही चुकत नव्हते. विंडोज २००० बरोबर आलेले हे ई.एफ.एस. नावाचे कुलूप माणसाला ओळखत नाही, किल्लीला ओळखते. प्रत्येक फाईल वेगळ्या किल्लीने बंद होते. त्या किल्लीलाही कुलूप, आणि ते उघडणारी खासगी किल्ली मालकाच्या खात्यात, त्याच्या परवलीच्या शब्दाआड ठेवलेली. नवे विंडोज म्हणजे नवे खाते. नाव तेच, पण जन्म दुसरा. मागल्या जन्मीची ठेव या जन्मी कोण देणार? किल्लीची प्रत आधी काढून ठेवली असती तर गोष्ट इथेच संपली असती. विंडोज तसे सुचवतेही. पण असल्या सूचना आपण विम्याच्या कागदावरच्या बारीक अक्षरांइतक्याच आस्थेने वाचतो.

भाच्याचे पूर्वपुण्य एवढेच, की त्याने डिस्क फॉरमॅट केली नव्हती. त्यामुळे जुना संसार 'विंडोज.ओल्ड' नावाच्या माळ्यावर पडून होता आणि त्यात अण्णांचे जुने खाते किल्ल्यांसकट शाबूत होते. एका जाणत्या मुलाने प्रथम सगळ्या डिस्कची प्रत काढली, मगच हात घातला. जुने खाते आणि जुना परवलीचा शब्द दिल्यावर खास या कामाच्या प्रोग्रामने किल्ली हुडकली. पहिली फाईल उघडली तेव्हा अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या ओव्या सांगणारी बाई आता हयात नाही.

आम्ही कुठे कुलूप लावतो, असे तुम्ही म्हणाल. पण २०२४ च्या आवृत्तीपासून विंडोज ११ नव्याने घालून मायक्रोसॉफ्टचे खाते जोडले, की पुष्कळ यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. तिची ४८ आकडी किल्ली त्या खात्यात जमा असते. यंत्राला हात लावण्यापूर्वी ती कागदावर उतरवून कपाटात ठेवा.

अण्णांनी आपल्या किल्लीच्या आता दोन प्रती काढल्या आहेत. एक त्यांच्या घरी, दुसरी पेनड्राइव्हवर आमच्या कपाटात. तिचा परवलीचा शब्द मात्र त्यांनी मला सांगितलेला नाही.