पोटातली गाठ एकटीच आहे का?

पोट दुखू लागले की आपण चिमूटभर ओवा तोंडात टाकतो, फारच झाले तर ॲसिडिटीची गोळी घेतो. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतेही. पण दुखणे आठवडेच्या आठवडे रेंगाळले, वजन उतरू लागले, शौचाला डांबरासारखे काळे होऊ लागले किंवा जिना चढताना धाप लागू लागली, तर घरगुती उपाय पुरे करून डॉक्टरांना गाठावे. अशा तक्रारींमागे बरेचदा अल्सर असतो, कधी कर्करोग, तर अगदी क्वचित प्लाझ्मा पेशींची गाठ.

या प्लाझ्मा पेशी म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे तयार करणारे कारखाने. त्या अस्थिमज्जेत असतात, तशाच आतड्याच्या अस्तरातही मोठ्या संख्येने असतात. त्यांतली एखादी पेशी बिघडून बेसुमार वाढू लागली की गाठ होते. अस्थिमज्जेबाहेरच्या अशा गाठींपैकी सुमारे ८० टक्के नाक, सायनस आणि घशात होतात. जठर आणि आतड्यांच्या वाट्याला त्यातल्या थोड्याच येतात.

दुर्बिणीतून पाहिले तर ही गाठ अल्सरसारखी किंवा नेहमीच्या कर्करोगासारखीच दिसते. खरे निदान होते ते तुकडा काढून केलेल्या तपासणीत, म्हणजेच बायोप्सीत.

निदान झाल्यावर नातेवाईक विचारतात, "गाठ सापडली ना, मग आणखी तपासण्या कशाला?" कारण मुख्य प्रश्न पुढेच असतो. गाठ एकटीच आहे, की अस्थिमज्जेत पसरणाऱ्या मल्टिपल मायलोमाचा ती एक भाग आहे? त्यासाठी रक्तातली प्रथिने, लघवी, अस्थिमज्जा तपासतात आणि स्कॅन काढतात. लघवीत शोधले जाणारे प्रथिन लंडनच्या डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांच्या नावाने ओळखले जाते. १८४० च्या दशकात त्यांनी त्याचे वर्णन केले होते.

गाठ एकटी असेल, तर शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा दोन्हींनी ती पुष्कळदा आटोक्यात येते. या पेशी किरणांना चांगली दाद देतात. मायलोमा असेल, तर नुसती गाठ काढून भागत नाही. सर्व शरीरावर काम करणारी औषधे द्यावी लागतात. रक्तस्राव थांबत नसेल किंवा आतडे अडले असेल, तर मात्र तपासण्यांसाठी न थांबता शस्त्रक्रिया करावी लागते.

बरे झाल्यावरही गाफील राहू नये. काही रुग्णांना पुढे मायलोमा होतो, म्हणून वर्षानुवर्षे ठरल्या वेळी तपासणी करून घ्यावी. बायोप्सीचा रिपोर्ट जपून ठेवा, डॉक्टर बदलले तरी तो सोबत न्या!