ओट्यावरची हळहळ पुरे, आता तक्रार हवी

जळगावच्या काव्यरत्नावली चौकात वा मेहरूण तलावाच्या रस्त्यावर, धुळ्याच्या देवपुरात वा पांझरेच्या काठी सायंकाळी क्षणभर उभे राहावे. एका दुचाकीवर तिघे बसलेले, क्रमांकाची पाटी वाकवलेली, सायलेन्सर मुद्दाम बदललेला आणि फटाक्यासारख्या आवाजाने दचकणारे वृद्ध, हे दृश्य खानदेशाला आता नवे राहिलेले नाही. ओट्यावर त्याविषयी हळहळ व्यक्त होते, पिढी बिघडल्याचा निर्वाळा दिला जातो आणि पोलिसांच्या नावाने बोटे मोडून बैठक संपते. तक्रार मात्र कोणीच नोंदवीत नाही.

असे का व्हावे? ‘जाऊ दे भो, आपलाच पोऱ्या शे’ या एका वाक्यात त्याचे उत्तर आहे. ज्या गावात प्रत्येक जण कोणाचा तरी भाचा वा पुतण्या असतो, तेथे तक्रार म्हणजे चुगली ठरते. पण ज्याला वेळीच कोणी अडविले नाही, तो ‘आपला पोऱ्या’ पुढे रुग्णालयाच्या दारात आणला जातो, तेव्हा हीच माया कोणत्या कामाची? 2022 साली भारतात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीवरील मृतांचे प्रमाण 44 टक्क्यांहून अधिक होते आणि हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या 50 हजारांवर होती. शेजारधर्माच्या नावाखाली पाळलेले मौन या आकड्यांपुढे निर्दोष कसे मानावे?

कायदा दुबळा आहे, ही सबब आता टिकणारी नाही. मोटार वाहन कायद्यानुसार सोळा वर्षांच्या मुलाला केवळ 50 सीसीपर्यंतचे विनागिअर वाहन चालविता येते, तेही परवाना काढून. ही सवलत लुनासारख्या मोपेडच्या काळात शोभणारी होती. आज दहावीचा विद्यार्थी शिकवणीला नेतो ती स्कूटर 100 सीसीच्या वरची असते. ती चालविण्यास वयाची अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 199-अ तर थेट घरात शिरते. अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक वा वाहनमालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला ठाऊकच नव्हते वा आपण रोखण्याचा सर्व प्रयत्न केला होता, हे सिद्ध करण्याचे ओझे पालकावरच असते. मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात अल्पवयीनाच्या हातातील आलिशान मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, तेव्हा अवघा महाराष्ट्र संतापला. त्या संतापातील काही अंश आपल्याच अंगणातील स्कूटरच्या किल्लीकडे वळला असता तर तो अधिक सार्थकी लागला असता.

पोलीस काही करीत नाहीत, हा दुसरा आक्षेप. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु वाहन पकडले जाताच वाहतूक शाखेत खणखणणारा दूरध्वनी कोणाचा असतो? ‘भाऊं’ना गळ घालून गाडी सोडवून आणणारा सद्गृहस्थ आणि ओट्यावर पोलिसांना दूषणे देणारा सद्गृहस्थ, हे पुष्कळदा एकच असतात. ज्या समाजाला कारवाई केवळ दुसऱ्याच्या मुलावर हवी असते, त्याला तशीच अर्धवट कारवाई लाभते.

येथे आणखी एक कटू गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. तक्रार वाहनाविरुद्ध असते, वस्तीविरुद्ध नव्हे. परक्या मोहल्ल्यातील दुचाकीचा आवाज कानाला टोचतो आणि आपल्या मिरवणुकीतील, ध्वज लावलेल्या दुचाकीचा तोच आवाज उत्साह वाटतो, हा न्याय नव्हे. ज्या शिवरायांचा जयजयकार करीत या गाड्या पळविल्या जातात, त्यांनी चिपळूणच्या छावणीतील आपल्याच अधिकाऱ्यांना पत्र लिहून रयतेला उपद्रव न देण्याची सक्त ताकीद दिली होती. स्वतःच्या सैन्याला आधी शिस्त लावणारा तो राजा होता. त्याचे नाव घेऊन रुग्णालयासमोर सायलेन्सर फोडणे ही त्याची अवहेलनाच होय.

तक्रारीची रीत अवघड नाही. जीवितास तत्काळ धोका असेल तर 112 हा क्रमांक आहे. एरवी वाहनाचा क्रमांक, स्थळ, दिनांक, वेळ आणि शक्य असल्यास छायाचित्र एवढे तपशील शहर वाहतूक शाखेकडे लेखी द्यावेत व पोच घ्यावी. चालकाचे नाव ठाऊक असण्याची गरज नाही. कलम 133 नुसार गाडी कोण चालवीत होता हे पोलिसांनी विचारल्यास सांगणे वाहनमालकावर बंधनकारक आहे. म्हणून एमएच 19 वा एमएच 18 पुढील अक्षरे व अंक नीट टिपणे, हे निम्मे काम आहे. कारवाई न झाल्यास 2005 चा माहितीचा अधिकार कायदा हाताशी आहे. तक्रारीचे काय झाले, या प्रश्नाला सामान्यतः तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. एकट्याला संकोच वाटत असेल तर कॉलनीतील दहा जणांनी एकत्र स्वाक्षऱ्या कराव्यात. मात्र गाडी अडवून मुलाला मारहाण करणे, किल्ली हिसकावणे वा सूडापोटी खोटी तक्रार करणे हे कायदारक्षण नव्हे. तो दुसऱ्या प्रकारचा उपद्रव होय.

जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरे राष्ट्रीय महामार्गांवर वाढली. त्यांच्या रस्त्यांवर चालणारी शाळकरी मुलगी, दूध आणायला निघालेले आजोबा आणि पाठीवर ओझे घेतलेला हमाल यांच्या बाजूने कोणीतरी उभे राहिलेच पाहिजे. पोलीस चौकाचौकात सदैव असू शकत नाहीत, नागरिक मात्र असतात. त्यांनी पाहूनही न पाहिल्यासारखे केले, तर रस्ता बेफाम चालकाच्या स्वाधीन होतो. तो परत मिळवायचा असेल तर पहिली तक्रार आपल्याच गल्लीतील गाडीची हवी, आणि तिच्याही आधी आपल्या घरातील किल्ली खुंटीवरून उतरवून कपाटात बंद व्हायला हवी.