हिरव्या डॅशबोर्डवर समाधान मानू नका

सॉफ्टवेअरच्या कोडची तब्येत दाखवणाऱ्या चित्रांची आज वानवा नाही. पण त्यांतली बरीच चित्रं साहेबांना खूश करतात, दुरुस्ती करणाऱ्याला वाट दाखवत नाहीत. पुण्यात बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळताना माझं हे मत पक्कं झालं आहे.

सर्वांत लाडकी ती श्रेणी. सोनारक्यूब हे कोड तपासणारं साधन कोडला ‘ए’ ते ‘ई’ अशी अक्षरं देतं. त्याच्या मूळ मापानुसार, दुरुस्तीचा अंदाजे खर्च कोड लिहिण्याच्या खर्चाच्या 5 टक्क्यांच्या आत असला की देखभालीसाठी ‘ए’. लाखो ओळींच्या कोडमध्ये एखादी सडलेली फाइल या हिशेबात सहज लपते.

दुसरं चित्र ट्रीमॅपचं. हार्ड डिस्क कशाने भरली हे पाहण्यासाठी बेन श्नाइडरमन यांनी ते 1990 च्या सुमारास शोधलं. कोडसाठी वापरताना फाइल मोठी तितका चौकोन मोठा, गुंतागुंत जास्त तितका रंग गडद. रिचर्ड वेटेल आणि मिकेले लान्झा यांच्या ‘कोडसिटी’त तर क्लासच्या, म्हणजे कोडच्या घटकांच्या, इमारती होतात; त्यांतल्या मेथड, म्हणजे कामं, जास्त तितकी उंची जास्त. नव्या माणसाला कोडची रचना समजायला दोन्ही उत्तम. पण डोळा आकारावरच जातो. आमच्या ट्रीमॅपमध्ये सर्वांत मोठा चौकोन करांच्या तक्त्यांचा होता आणि त्या फाइलला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता. ग्राहकांच्या तक्रारी यायच्या त्या सवलत मोजणाऱ्या मध्यम आकाराच्या फाइलमुळे.

ती सापडली साध्या आलेखावर. बदलांची वारंवारता आणि गुंतागुंत एकत्र पाहण्याची रीत ॲडम टॉर्नहिल यांनी पुरस्कारली आहे. आमच्या आलेखात आडव्या अक्षावर फाइल किती वेळा बदलली, उभ्या अक्षावर तिची गुंतागुंत. बदलांची नोंद गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात असतेच. वरच्या उजव्या कोपऱ्यातले ठिपके म्हणजे हॉटस्पॉट. किचकट कोड पडून असला तर सहसा त्रास देत नाही. वारंवार हात लागतो तिथे नव्या चुका शिरतात. शिवाय क्षेत्रफळापेक्षा अक्षावरची जागा डोळ्याला अधिक अचूक कळते, हे क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांनी 1984 मध्ये मांडलं आहे.

चुकीचं बिल आलं की हेलपाटे घालतो तो ग्राहक. म्हणून हा प्रश्न फक्त प्रोग्रामरांचा नाही. सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या बँकांनी आणि सरकारी कार्यालयांनी पुरवठादाराकडून श्रेणी घेऊन थांबू नये. सर्वांत किचकट आणि सतत बदलणाऱ्या दहा फाइल्स कोणत्या, आणि त्यांतली पहिली कधी दुरुस्त होणार, हे लेखी मागावं.