विश्लेषण : स्पॅम ईमेलची तक्रार केल्याने खरेच फरक पडतो का?

‘तुमचा प्राप्तिकर परतावा मंजूर झाला आहे, येथे क्लिक करा’, ‘केवायसी अपूर्ण असल्याने तुमचे खाते आज बंद होईल’… असे मेल जवळपास प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये येतात. बहुतेक जण ते डिलीट करून मोकळे होतात. तक्रार करून पाठवणारा थोडाच सापडणार आहे, असा त्यामागचा विचार असतो. तो बऱ्याच अंशी खराही आहे. तरीही तक्रारीचा उपयोग होतो. कसा, ते जाणून घेऊ या.

स्पॅम पाठवणे भारतात गुन्हा आहे का?

केवळ नको असलेला मेल पाठवला म्हणून शिक्षा देणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. अमेरिकेत २००३ मध्ये ‘कॅन-स्पॅम’ कायदा झाला. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ‘६६ अ’मध्ये त्रास देण्यासाठी किंवा पाठवणाऱ्याची ओळख लपवून फसवण्यासाठी केलेल्या मेलचा समावेश होता. मात्र अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलमच रद्द केले. दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाद्वारे फसवणूक करणे हा मात्र कलम ‘६६ ड’नुसार गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजेच सेलची जाहिरात करणारा मेल आणि बँकेच्या नावाने आलेला बनावट मेल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्या तक्रारीच्या जागाही वेगळ्या आहेत.

तक्रार कुठे करायची?

जाहिरातींच्या मेलसाठी सरकारी यंत्रणेकडे जाण्याची गरज नाही. ‘ट्राय’चा १९०९ क्रमांक आणि दूरसंचार विभागाची ‘चक्षू’ सुविधा फोन कॉल व मेसेजसाठी आहे, ईमेलसाठी नाही. फसवणुकीचा प्रयत्न करणारा मेल असेल तर तो ‘सर्ट-इन’ या केंद्राच्या संगणक सुरक्षा यंत्रणेला पाठवता येतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर पैसे गेले नसले तरी संशयित ईमेल पत्ता किंवा संकेतस्थळ नोंदवता येते. ज्या बँकेच्या किंवा विभागाच्या नावाने मेल आला, त्यांनाही तो पाठवावा. प्राप्तिकर विभाग तर असे बनावट मेल आपल्याकडे पाठवण्याचे आवाहन करतो.

‘रिपोर्ट स्पॅम’ बटणाने काय होते?

वाटते त्यापेक्षा बरेच काही. दररोज पाच हजारांहून अधिक मेल पाठवणाऱ्यांसाठी जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले. स्वतःची ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करणे, एका क्लिकमध्ये ‘अनसबस्क्राइब’ करण्याची सोय देणे आणि स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांखाली ठेवणे त्यांना बंधनकारक आहे. हजार मेलमागे तीन जणांनी बटण दाबले तरी कंपनी या मर्यादेला पोहोचते आणि तिचे पुढचे मेल थेट स्पॅममध्ये जाण्याची शक्यता वाढते. जाहिरातबाज कंपन्यांना रोखण्यासाठी हाच सर्वात जवळचा उपाय आहे.

मग सरकारी यंत्रणेकडे तक्रार कशासाठी?

पाठवणारा बहुधा परदेशातील सर्व्हर, चोरलेली खाती आणि खोटे पत्ते वापरतो. एका मेलवरून त्याला अटक होणे दुर्मीळ. मात्र मेलमधील लिंक ज्या बनावट संकेतस्थळावर नेते, ते बंद करता येते. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने एप्रिल २०२० मध्ये संशयास्पद मेल फॉरवर्ड करण्यासाठी एकच पत्ता नागरिकांना दिला. २०२५च्या सुरुवातीपर्यंत तिथे चार कोटींहून अधिक मेल आले आणि त्यातून दोन लाखांहून अधिक घोटाळे हटवण्यात आले. म्हणजे साधारण दोनशे तक्रारींमागे एक. प्रमाण कमी वाटते, पण एक संकेतस्थळ बंद झाले की त्याच लिंकवर क्लिक करणारे पुढचे सगळे वाचतात. तक्रारीचा फायदा असा बहुतेक वेळा दुसऱ्याला होतो.

पैसे गेले असतील तर?

तेव्हा ईमेल किंवा अर्जात वेळ न घालवता तात्काळ १९३० वर फोन करावा. तक्रार नोंदली की संबंधित बँकेला सूचना जाते आणि रक्कम पुढे वळवली गेली नसेल तर ती गोठवता येते. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार, या यंत्रणेमुळे १७.८२ लाखांहून अधिक तक्रारींत ५,४८९ कोटी रुपये वाचले. मात्र एकट्या २०२४ मध्ये नागरिकांनी गमावलेली रक्कम २२,८४५ कोटी होती. उशीर किती महाग पडतो, हे यावरून दिसते.

तक्रार करताना काय लक्षात ठेवावे?

मेल आधी डिलीट करू नये. तो कुठून निघाला, कोणत्या सर्व्हरमधून आला याची नोंद ‘हेडर’मध्ये असते. संगणकावर जीमेल उघडून ‘शो ओरिजिनल’ निवडले की ती दिसते. नुसत्या स्क्रीनशॉटमध्ये ही माहिती येत नाही. ओळखीच्या कंपनीच्या मेलमध्ये ‘अनसबस्क्राइब’ वापरण्यास हरकत नाही, पण अनोळखी मेलमधील हे बटणही फसवे असू शकते. तिथे मेल अॅपमधील ‘रिपोर्ट’चाच पर्याय निवडावा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जाण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ची मुदत दिली होती. त्यामुळे बँकेच्या नावाने आलेल्या लिंकचा शेवट वेगळा दिसला, तर क्लिक न करता मेल थेट तक्रारीसाठी पाठवावा.