बहिष्कार कुणी कुणावर घालायचा?

२०२० च्या जूनमध्ये मी एमएच्या ऑनलाइन वर्गाला व्हिवोच्या फोनवरून बसायचे. फोन पप्पांनी हप्त्यावर घेतलेला, चार हप्ते बाकी. गलवान खोऱ्यात वीस भारतीय जवान मारले गेले आणि आमच्या वर्गाच्या ग्रुपवर एका मित्राने लिहिलं, चिनी फोन वापरणारे सगळे गद्दार. त्याच्याकडे आयफोन होता. तो कुठे जोडला जातो हे मी विचारलं नाही. ज्याचे हप्ते फिटलेले नसतात तो वाद जरा जपूनच घालतो.

त्या वेळी व्हिवो आयपीएलची मुख्य प्रायोजक होती, वर्षाला सुमारे ४४० कोटी रुपये मोजून. बहिष्काराची हाक उठली, स्वदेशी जागरण मंचाने स्पर्धेवरच बहिष्काराचा इशारा दिला. २ ऑगस्टला ‘सगळे प्रायोजक कायम’ म्हणणाऱ्यांनी ६ ऑगस्टला त्या मोसमापुरता व्हिवोचा करार थांबवला. चार दिवस लागले! जागा २२२ कोटींना ड्रीम इलेव्हनने घेतली. तिच्या मालक कंपनीत टेन्सेंट या चिनी कंपनीचा पैसा होता. आणि २०२१ मध्ये व्हिवो परत आली, तीच मुख्य प्रायोजक म्हणून. माझ्या त्या मित्राने तो मोसम आवडीने पाहिला.

त्याच जून महिन्यात आणखी एक गोष्ट घडली होती. एका नामवंत माजी क्रिकेटपटूने इन्स्टाग्रामवरच्या गप्पांत सहखेळाडूबद्दल वापरलेला जातिवाचक शब्द देशभर फिरला. त्याने खेद व्यक्त केला, पुढे हरियाणात गुन्हाही नोंदला गेला. त्यासाठी एखाद्या कंपनीने करार तोडल्याचं तुमच्या कानावर आलं का? माझ्या तरी नाही.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये टोकियोत महिला हॉकी संघ उपांत्य सामना हरला. वंदना कटारियाने चारच दिवसांपूर्वी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिंपिकमध्ये असं करणारी ती पहिली भारतीय महिला. तरी हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके फुटले, जातीवरून शिव्या दिल्या गेल्या, संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो असं ओरडलं गेलं, अशी तिच्या घरच्यांची तक्रार होती. ऑक्टोबरमध्ये भारतीय पुरुष क्रिकेट संघ दुबईत पाकिस्तानविरुद्धच्या सामन्याआधी गुडघ्यावर बसला, अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या लढ्याला पाठिंबा म्हणून. बसला ते चांगलंच केलं. पण हरिद्वार दुबईपेक्षा फार लांब असावं.

आणि नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या यॉर्कशायर क्लबमध्ये अझीम रफीकने सोसलेल्या वर्णद्वेषाचं प्रकरण पेटलं, तेव्हा नायकेसह एकामागून एक प्रायोजक काही दिवसांत बाजूला झाले. त्या कंपन्या फार पुण्यवान होत्या असं नाही. तिथे वर्णद्वेषाशी नाव जोडलं गेलं तर माल खपत नाही, एवढा धाक तिथल्या लोकांनी निर्माण केला होता. आपल्याकडे जातीशी नाव जोडलं गेलं तर काय होतं? काहीच नाही. माझा मुद्दा एवढाच आहे.

‘बहिष्कार’ हा शब्द आपण सहज वापरतो. माझ्या आजीसमोर वापरून बघा. माझ्या जन्माआधी जयंतीच्या मिरवणुकीवरून आमच्या वस्तीवर गावाने बहिष्कार घातला होता. मजुरी बंद, दुकान बंद, पिठाची गिरणी बंद. आजी डोक्यावर ज्वारीचं गाठोडं घेऊन शेजारच्या गावी दळायला जायची आणि तिथल्या गिरणीवाल्यालाही निरोप पोचला की आणखी पुढच्या गावी. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये पत्र काढलं त्याचं नाव ‘बहिष्कृत भारत’. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत ते सदस्य होते, आणि अस्पृश्यांचं पोट गावावर अवलंबून असल्यामुळे बहिष्कार हेच त्यांना दाबण्याचं हत्यार बनतं, हे त्या समितीने नोंदवलं. गोलमेज परिषदेत त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी केली. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात तो शब्द स्पष्टपणे यायला २०१५ ची दुरुस्ती लागली.

म्हणून आपल्यातले काही मित्र म्हणतात की बहिष्कार हे सवर्णांचं हत्यार, ते आपण हातात घेऊ नये. मला हे पटत नाही. बहिष्काराचा जोर अवलंबून असण्यातून येतो. गिरणी त्यांची होती, म्हणून आजी चालत गेली. आयपीएलमध्ये कोण कुणावर अवलंबून आहे? २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. हा पैसा मैदानातल्या बावीस जणांसाठी कुणी मोजत नाही, तो पडद्यासमोर बसलेल्या आपल्या डोळ्यांसाठी मोजतात. होस्टेलच्या टीव्हीसमोर खुर्च्या कमी पडतात तेव्हा जमिनीवर बसणाऱ्यांसाठी मोजतात. आपला पहिला पगार, पहिला फोन, पहिली दुचाकी, धाकट्या भावाचे बूट, यावर त्यांचा डोळा असतो. मालक म्हणून मात्र आपण कुठे आहोत? २०१२ मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत आलेल्या अभ्यासात देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांची संचालक मंडळं तपासली होती. सुमारे ९३ टक्के संचालक उच्चजातीय, अनुसूचित जाती-जमाती मिळून ३.५ टक्के.

‘आपण न घेतल्याने कंपनी बुडणार का?’ नाही बुडणार. २०२० मध्येही व्हिवो बुडाली नव्हती, आणि त्या हाकेमागे तर सत्तेचं वारं होतं, ते आपल्यामागे नसणार. पण ती हाक वर्षभरात विरली, कारण तिला मागणीच नव्हती, नुसता राग होता. राग उतरला, करार परत आला.

पळवणकर भावांना हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. चांभार समाजातल्या बाळू पळवणकरांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघातून त्यांना वगळलं आणि धाकट्या विठ्ठलचा कर्णधारपदाचा हक्क डावलला. विठ्ठल आणि शिवराम खेळले नाहीत. कारण जाहीर निवेदनात लिहून दिलं, त्यात जात लपवली नाही. १९२३ मध्ये विठ्ठल त्याच हिंदू संघाचे कर्णधार होते. (पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्धच उभे राहिले आणि हरले. इतिहास आपल्या सोयीने वागत नाही.)

तर माझ्या मागण्या दोनच. प्रायोजक आपल्या करारात बदनामी झाली तर करार मोडण्याचं कलम घालतातच. त्या कलमात खेळाडू, संघ किंवा मंडळाकडून झालेला जातिवाचक अपमान शब्दाने लिहा. आणि तुमच्या कायम नोकरांत, व्यवस्थापनात आणि संचालकांत अनुसूचित जाती-जमातींचे किती लोक आहेत, तो आकडा जाहीर करा. सफाई कंत्राटदाराची माणसं त्यात मोजू नका. उत्तर आलं नाही तर त्या कंपनीचा माल पुढच्या मोसमात घ्यायचा नाही, आणि का घेत नाही ते दुकानदाराला सांगायचं. सगळ्या कंपन्या एकदम नकोत, एकच निवडू. आपल्या खिशाला झेपेल एवढंच.

पत्राचा मसुदा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत तयार आहे. तेलुगू, तमिळ आणि पंजाबीत करून देणारे सोबती हवे आहेत. पुढच्या मोसमाची जाहिरात सुरू होण्याआधी ते पाठवायचं आहे.