मनोरा नसलेल्या धावपट्ट्या

२८ जानेवारी २०२६ रोजी सकाळी बारामतीच्या धावपट्टीलगत लिअरजेट जातीचे विमान कोसळून उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह विमानातील पाचही जण मृत्युमुखी पडले, आणि 'अनियंत्रित विमानतळ' हा शब्दप्रयोग महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचला. शब्द भयसूचक खरा. परंतु नियंत्रक नाही म्हणजे नियम नाहीत, असा त्याचा अर्थ नव्हे. अशा ठिकाणी नियम पाळण्याचा सारा भार मनोऱ्यावरून उतरून वैमानिकाच्या खांद्यावर येतो, इतकेच.

हे नियम तसे साधे आहेत. धावपट्टी काही मैल दूर असतानाच ठरलेल्या रेडिओलहरीवर आपले स्थान व हेतू सांगावा, इतरांचे बोलणे ऐकावे, वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी पिशवी पाहावी, सर्वसाधारणपणे डाव्या वळणाची प्रदक्षिणा धरावी आणि प्रत्येक टप्प्यावर पुन्हा आवाज द्यावा. उतरण्याच्या अंतिम टप्प्यात जो खाली असेल त्याला वाट द्यावी. सगळ्यांचा पाया एकच : डोळ्यांना दिसले पाहिजे. म्हणूनच केवळ नजरेच्या भरवशावरील उड्डाणास सामान्यतः ५ किलोमीटर दृश्यमानता आवश्यक मानली जाते. बारामतीत त्या सकाळी ती सुमारे ३ हजार मीटर असल्याचे सांगण्यात आले होते, आणि सांगणारे होते तेथील वैमानिक-प्रशिक्षण संस्थांचे लोक. पहिल्या प्रयत्नात धावपट्टी न दिसल्याने विमान वर गेले, दुसऱ्या प्रयत्नात ते कोसळले. दोष कोणाचा, हा निवाडा चौकशी यंत्रणेचा आहे. तो वृत्तपत्राने करू नये.

केवळ आवाजावर विसंबण्यात काय धोका असतो, हे अमेरिकेतील क्विन्सी येथे १९ नोव्हेंबर १९९६ रोजी दिसले. उतरणाऱ्या प्रवासी विमानाने धावपट्टीवरील विमान थांबणार आहे काय, असे विचारले. उत्तर दिले ते मागे उभ्या असलेल्या तिसऱ्याच विमानाने, आणि तेही अर्धवट ऐकू गेले. दोन विमाने छेदणाऱ्या धावपट्ट्यांवर आदळली व १४ जण दगावले. नियम होते, रेडिओही होता. परंतु बोलणारा कोण, हे तपासणारा तिसरा कान नव्हता.

आता मराठवाड्याकडे वळू. नांदेड, लातूर, धाराशिव, यवतमाळ व बारामती या पाचही धावपट्ट्या २००९ साली एकाच खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने देण्यात आल्या. गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त २००८ साली नांदेडला नवे रूप मिळाले आणि २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेतून हैदराबादची सेवाही सुरू झाली. लातूरची धावपट्टी मात्र मुख्यत्वे खासगी व भाड्याच्या विमानांच्याच उपयोगाची राहिली. त्यांतून येतात कोण? बहुधा सभा, लग्न किंवा उद्घाटन गाठावयाचे असलेले पुढारी. (सामान्य लातूरकर रेल्वेने किंवा एसटीने जातो, त्याला ढगांशी कर्तव्य नाही.)

नांदेडच्या त्या सेवेला महिनाही झाला नव्हता, तोच २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाण करताच तारांत अडकून कोसळले. सर्वजण बचावले, आणि बचावल्याच्या आनंदात तो प्रसंग आपण विसरूनही गेलो. तात्पुरत्या हेलिपॅडच्या भोवतालच्या तारा, मे महिन्यातील तापलेल्या विरळ हवेत घटणारी उचल, चढविलेले वजन या बाबी तपासावयास तेथे मनोरा नसतो. त्या वैमानिकानेच पाहावयाच्या असतात, आणि तेही खाली वाट पाहणाऱ्या जमावासमोर.

येथेच खरी मेख आहे. अनियंत्रित धावपट्टीवर 'नाही' म्हणण्याचा अधिकार एकट्या वैमानिकाच्या हाती असतो. पण त्याला भाड्याने घेणारा, सभेची वेळ ठरविणारा आणि आत बसलेला प्रवासी या तिघांचे मौन त्याच्यावर न बोलता दडपण आणते. मनोरा उभारण्यास काळ व पैसा लागेल, आणि दोन-चार उड्डाणांसाठी तो परवडणारही नाही. परंतु दृश्यमानता व वारा मोजणारे यंत्र, ते वाचून अधिकृतपणे सांगणारा प्रशिक्षित माणूस आणि ठरावीक दृश्यमानतेखाली धावपट्टी बंद ठेवण्याचा लेखी हुकूम, या तीन गोष्टी लातूरसारख्या ठिकाणी अशक्य नाहीत. हुकूम असला की वैमानिकाला पुढाऱ्याशी हुज्जत घालावी लागत नाही. आणि दौऱ्याच्या कार्यक्रमपत्रिकेत मोटारीने येण्याची दुसरी वेळ आधीच छापलेली असावी, हे तर जिल्हाधिकारी कार्यालयाला उद्यापासूनही करता येईल.