जुन्या मालमोटारीचे गंजलेले पाटे

दसऱ्याच्या सुमारास आपल्या भागांत एक देखावा हमखास दिसतो. वाड्यामागील छपरांतून जुनी मालमोटार बाहेर काढतात, तिला नवा रंग देतात, नाकावर झेंडूची माळ घालतात, आणि आठ दिवसांत तीच गाडी ऊंसाच्या किंवा खताच्या खेपांस जुंपतात. रंगावर खर्च करतांना कोणी हात आखडीत नाहीं. परंतु गाडीखालीं उताणें निजून मागील पाटे पाहणारा मालक विरळा. पिकाची पाहणी बांधावरून करावयाची नसते, शेतांत शिरून करावयाची असते, हें आपणांस कोणी शिकवावयास नको. मग मोटारीची पाहणी आपण रस्त्यावरूनच कां करतों?

१९५४ सालीं टाटांच्या कंपनीनें जर्मनीच्या डायम्लर-बेंझ कंपनीशीं करार करून जमशेदपूर येथें मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. १९६९ सालीं तो करार संपला. त्या काळच्या लांब नाकाच्या गाड्या आजहि कांहीं घरीं जपून ठेविलेल्या आढळतात. वडिलांनीं अगर आजोबांनीं घेतलेली वस्तु म्हणून तिच्याविषयीं जिव्हाळा वाटणें योग्यच आहे. त्या गाड्यांचें लोखंड जाड, हेंहि खरें. परंतु जाड लोखंडहि गंजतें, आणि शेतकऱ्याच्या गाडीचें तर अधिकच गंजतें.

याचें कारण आपलाच माल. पोटॅश म्हणून आपण जें खत घेतों तें बहुधा म्युरिएट ऑफ पोटॅश, म्हणजे क्लोराइड, मिठाचाच भाऊबंद असतें. अमोनियम सल्फेटहि लोखंडास बाधतें. फाटक्या पोत्यांतून सांडलेलें खत फळ्यांच्या फटींतून पाट्यांवर पडतें आणि हवेंतील ओलावा धरून ठेवतें. दोन पाट्यांमध्यें जो खारट चिखल बसतो तो लवकर वाळत नाहीं. गंज हा मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. त्यामुळें पाटे फुगल्यासारखे होऊन एकमेकांवर सरकेनासे होतात. त्यांच्या अंगास बारीक खड्डे पडतात. ओझ्याखालीं पाट्याच्या वरच्या अंगास ताण बसतो आणि त्या खड्ड्यापासूनच तडा सुरू होतो. तडा केसाएवढा असतो तोंवर तो चिखलाखालीं दिसत नाहीं.

पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, कमान ही केवळ धक्के सोसण्यासाठीं असते. ही समजूत घातक आहे. ह्या गाड्यांत मागील आंस जागच्या जागीं धरण्याचें कामहि कमानच करते. मुख्य पाट्याचें पुढील टोंक पिनेनें चासीच्या हँगरमध्यें जखडलेलें असतें. मागील टोंक शॅकलला लटकतें, कारण ओझ्यानें कमान सपाट होतांना तिची लांबी वाढते व तिला सरकण्यास वाव लागतो. आंस यू-बोल्टांनीं कमानीशीं बांधलेला असतो. शॅकलची पिन गंजून अडकली म्हणजे सारा जोर हँगरच्या रिव्हिटांवर येऊन ते सैल होतात. सेंटर बोल्ट तुटला आणि यू-बोल्ट ढिले पडले म्हणजे आंस सरकतो व गाडी तिरकी चालूं लागते.

आमच्या गांवीं एका गाडीच्या मुख्य पाट्यास पुढील पिनेपाशीं तडा गेला होता. मालकानें तो वेल्डिंग करून सांधून घेतला व वर काळा रंग फासला. तिसऱ्याच खेपेस कालव्याच्या मोरीपाशीं सांधा उकलला, एका बाजूस आंस जागचा हलला, आणि ऊंसानें भरलेली गाडी चारींत कलंडली. एरवीं त्या मोळ्यांवर तोडणीचीं माणसें लेंकरांसह बसत असत. त्या दिवशीं तीं बैलगाडीनें पुढें गेलीं होतीं, एवढ्यावरच प्राण वाचले. नव्या पाट्याचे पैसे मालकानें वांचविले होते. त्याची किंमत दुसऱ्याच्या लेंकरांनीं भरली असती.

म्हणून माझें स्पष्ट मत असें कीं, पाट्यावर वेल्डिंग कधींहि करूं नये. पाट्याचें पोलाद तापवून, विझवून, पुन्हां बेतानें तापवून त्यास लवचिकपणा आणलेला असतो. वेल्डिंगच्या आंचेनें तें पाणी उतरतें. पाटा भट्टींत लाल करून नुसती कमान चढवून देणाऱ्यासहि हाच दोष लागतो.

दुरुस्तीचा क्रम कठीण नाहीं. गाडी रिकामी करून टणक, सपाट जागीं उभी करावी व पुढील चाकांस ओंडके लावावे. चासी उचलून तिच्याखालीं जाड लांकडी ठोकळ्यांचा भक्कम आधार द्यावा. नुसत्या जॅकच्या भरंवशावर कोणीहि खालीं शिरूं नये. नटांस एक दिवस आधीं रॉकेल व तेल पाजावें. जुने यू-बोल्ट पुन्हां वापरूं नयेत. न निघाल्यास कापून काढावे. सेंटर बोल्ट काढण्यापूर्वीं पाटे शिकंज्यांत आवळून धरावे, नाहींतर दाबलेले पाटे उसळून हात जावयाचा. प्रत्येक पाटा सुटा करून तारेच्या ब्रशानें घांसावा. जो तडकला, ज्यास खोल खड्डे पडले, किंवा जो पातळ झाला, तो बदलावा. मुख्य पाटा बदलणें झाल्यास दोन्ही बाजूंचा बदलावा. पिना व बुश नवे घालून ग्रीसचे मार्ग मोकळे करावे. हँगरचे रिव्हिट हातोडीनें ठोकून पाहावे आणि सैल असतील ते काढून घट्ट बसणारे उत्तम प्रतीचे बोल्ट घालावे. यू-बोल्ट आळीपाळीनें आवळावे व पहिल्या भरल्या खेपेनंतर पुन्हां आवळावे. शेवटीं पुढील पिनेपासून आंसापर्यंतचें अंतर दोन्ही बाजूंस दोरीनें मोजावें. तें सारखेंच भरलें पाहिजे.

कोणी म्हणेल, एवढें करण्यापेक्षां एक पाटा जास्त घातला म्हणजे झालें. परंतु जास्त पाट्यानें गंज जात नाहीं. केवळ जास्त ओझें भरण्याची हिंमत वाढते आणि तें ओझें हँगर, आंस व टायर यांवर पडतें. दुसरा म्हणेल, आमच्या गाडीस योग्यतेचा दाखला आहे. माझें आयुष्य सरकारी कचेरींत दाखले लिहिण्यांत गेलें. दाखला त्या दिवसाची स्थिति सांगतो. पुढील पावसाळ्याची हमी तो देत नाहीं. तिसरा म्हणेल, जुनी गाडी मोडींतच काढावी. हँगरपाशीं चासीच पोखरली असेल आणि अंगठ्याएवढे पोपडे सुटत असतील, तर ह्या तिसऱ्याचें म्हणणें मी निमूटपणें मान्य करतों. तसें नसेल तर नीट दुरुस्त केलेली गाडी घरच्या हलक्या कामास अजून उपयोगी पडेल.

आपल्या संघास एक सूचना करावीशी वाटते. जाड ठोकळे, मोठा शिकंजा, बुश दाबण्याचें यंत्र व ग्रीसची पिचकारी एवढें सामान संघानें एके ठिकाणीं ठेवावें, आणि हंगामापूर्वीं सभासदांच्या गाड्या खालून तपासण्यास एक जाणता कारागीर नेमावा. प्रत्येक मालकानें खताच्या खेपेनंतर गाडी खालून धुवावी, वाळूं द्यावी व पिनांस ग्रीस भरावें. आणि पाटे नवे असोत वा जुने, भरल्या मालावर माणसें बसवूं नयेत.

दसऱ्यास अजून अवकाश आहे. रंगाचा डबा आणण्यापूर्वीं प्रत्येकानें एक गोणपाट अंथरून गाडीखालीं शिरावें व कंदील अगर विजेरी धरून मागील कमानी स्वतः पाहाव्या, इतकीच माझी शेतकरी बंधूंस विनंति आहे.